बाहेरून काठ

टांडापेठेत, गल्लीच्या तोंडाशी,
दहा बाय आठचं माझं दुकान.
झेरॉक्स, पासपोर्ट, लॅमिनेशन,
आणि फोटोला फ्रेम घालून मिळेल.
म्हणजे लाकडाची नाही, कम्प्युटरमधली.
लाकडाची पाहिजे तर इतवारीत जा, पत्ता सांगते.

मे महिना. कूलरच्या ताट्यांवर पाणी मारलं
की अर्धा तास बरा जातो.
दुपारी गिऱ्हाईक नसतं, तेव्हा फुकटच्या फ्रेमा उतरवून ठेवते:
मोरपिसांच्या, गुलाबांच्या, सोनेरी वेलबुट्टीच्या.
एक संत्र्यांची आहे, चारी कोपऱ्यांत दोन दोन फोडी,
तीच जास्त खपते, पुण्याच्या जावयांना पाठवायला.
लोकांना चेहऱ्यापेक्षा कोपरे भरलेले आवडतात.
मी काही बोलत नाही. चाळीस रुपये.

प्रिंटर जिथं ठेवलाय
तिथं फरशीखाली मागाचा खड्डा आहे, मुरूम टाकून बुजवलेला.
बाबा त्यात पाय सोडून बावीस वर्षं बसले,
लुगड्यांचे काठ विणले.
आता दाराशी बसतात, प्लास्टिकच्या खुर्चीत.
मोतीबिंदू पिकलाय, ऑपरेशनला हो म्हणत नाहीत.
रोज विचारतात,
"आज किती तारायचा घातला?"
"तारा नाही बाबा, पिक्सेल. साठ."
"साठ म्हणजे बोटभर होते का?"
"फोटो केवढा आहे, त्याच्यावर."
हे त्यांना पटत नाही.
काठ कसा लुगड्याच्या भरवशावर राहील?
आमच्या वक्ती आधी काठ ठरे.

परवा ढेंगेबाई आल्या, मोबाइलमध्ये फोटोचा फोटो घेऊन.
मूळचा चुलत्यांच्या कपाटात,
आणि चुलत्यांशी बोलणं नाही.
शाळेची सहल, सेमिनरी हिल्स, एकोणऐंशी साल.
तीन रांगा. पुढचे मांडी घालून, मागचे बाकावर,
आणि उजव्या टोकाला एक पोरगा, अर्धा:
एक कान, एक खांदा,
शर्टाची एक बाही, तीही मोठ्या भावाची असावी.
"हा आमचा गुणवंत.
दुसरा फोटोच नाही त्याचा.
याले चांगली फ्रेम करून दे. रुंद. काळी नको."

सवयीनं मी आतून किनार ओढली,
साठ पिक्सेल, बदामी.
चौकट सरळ बसली
आणि गुणवंत गेला.
बाहीसुद्धा उरली नाही.
सदतीस पोरं राहिली, नीट,
मास्तरांनी हजेरी घेऊन उभी केल्यासारखी.
बाई काही म्हणाल्या नाहीत.
पर्समधून चष्मा काढला, लावला,
काढून पुन्हा पर्समध्ये ठेवला.

कंट्रोल झेड.
दिवसातून दोनशे वेळा दाबते मी हे बटण,
परवा बोट जरा थांबलं त्याच्यावर.

मग आधी नुसता कागद वाढवला, चारी बाजूंनी,
फोटोला हात न लावता.
काठ बाहेर घातला, जिथं काहीच नव्हतं तिथं.
उजवीकडे थोडा जास्त झाला.
"तिकडं जास्त कावून?"
"चुकलं असेल. बदलू?"
बाईंनी स्क्रीनजवळ तोंड नेलं, श्वासाची वाफ काचेवर.
"राहू दे."

प्रिंट निघाली, अजून कोमट.
बाबांनी हात पुढे केला. द्यावी लागली.
अंगठा कडेनं फिरवत गेले, जसे थानाची किनार बघायचे,
वरून खाली, मग परत वर.
गुळगुळीत कागद, हाताला काय लागणार?
"काठ कुठून चालू होते?"
मी त्यांचं बोट धरलं
आणि एका खांद्याशी नेऊन ठेवलं.
"इथून. याच्या इकडे एक पोरगा आहे."

तेवढ्यात लाइट गेली.
कूलर घरघरत थांबला, गल्लीतला उन्हाचा आवाज आत आला.
बाबांनी बोट उचललं नाही.
ढेंगेबाई सुटे पैसे शोधत होत्या,
एक एक कप्पा उघडून, सावकाश.